मालकाची दुसरी किल्ली

भाड्यानें दिलेलें घर विकावयाचें मालकाच्या मनांत आलें, कीं त्या घरांत राहणाऱ्या कुटुंबाच्या स्वस्थतेची मुदत त्याच क्षणीं संपली, असा एक अलिखित नियम आमच्या नव्या मुंबईंत रूढ होत चालला आहे. १२ जानेवारी २०२४ रोजीं अटल सेतूचें उद्घाटन झालें, ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं नव्या विमानतळाचें झालें. आणि उलव्यापासून खारघरपर्यंत व वाशीपासून ऐरोलीपर्यंत घर विकणारे, घेणारे व त्या दोहोंमध्यें धांवणारे दलाल यांची एकच लगबग दृष्टीस पडूं लागली. या लगबगीस आमची हरकत नाहीं. घर विकणें हा मालकाचा हक्क आहे, आणि डोळ्यांनीं पाहिल्यावांचून कोणी शहाणा मनुष्य घर घेत नाहीं, हेंही आम्हांस ठाऊक आहे. आमची तक्रार निराळी आहे. जें घर गिऱ्हाइकास दाखविलें जातें तें रिकामें नसतें. तेथें कोणी तरी राहत असतें, आणि तें राहणें त्यानें पैसे मोजून घेतलेलें असतें. तरीही दाखविण्याच्या या सर्व व्यवहारांत राहणारास विचारण्याची गरज मालकास वाटत नाहीं, दलालास वाटत नाहीं, आणि याहून वाईट हें कीं, पुष्कळदां त्याला विचारलें पाहिजे असें खुद्द राहणारासही वाटत नाहीं.

हा प्रकार कसा चालतो, हें भाड्याच्या घरांत राहिलेल्या वाचकांस सांगावयास नकोच. रविवारीं सकाळीं फोन वाजतो. ‘काकू, पांच मिनिटांचं काम आहे, पार्टी खाली उभी आहे,’ असें दलाल सांगतो, आणि होय-नाहीं म्हणावयाच्या आंत दारावरची घंटा वाजते. चार अनोळखी माणसें पायांतले बूट न काढतां आंत येतात. एक जण नळ सोडून पाण्याचा जोर पाहतो, दुसरा कपाट उघडून त्याची खोली अजमावतो, तिसरा मोबाईलवर चित्रण करीत या खोलींतून त्या खोलींत फिरतो. त्या चित्रणांत देव्हारा येतो, आजोबांच्या औषधांच्या बाटल्या येतात, फ्रिजवर चिकटविलेलें मुलीच्या शाळेचें वेळापत्रक येतें, दाराला कुलूप कोणत्या बनावटीचें आहे तेंही येतें. आणि तें सर्व संध्याकाळपर्यंत कोणकोणाच्या हातीं गेलें, हें सांगणें मग कोणासही शक्य नसतें. घरांत कोणी नसेल, तरी अडत नाहीं. मालकाजवळ दुसरी किल्ली असते. सायंकाळीं कामावरून परतलेल्या माणसास चालू राहिलेला पंखा आणि फरशीवरचे पायांचे ठसे पाहून आपल्या मागें कोणी येऊन गेलें, हें कळतें. महापे किंवा ऐरोली येथील कचेरींत रात्रपाळी करून सकाळीं निजलेल्या एखाद्या मुलीस कुलूप उघडल्याच्या आवाजानें जाग यावी आणि दारांत परका पुरुष उभा दिसावा, यांतील भय ज्यास कळत नाहीं, त्याच्याशीं कायद्याचा वाद घालण्यांत अर्थ नाहीं.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे: कराराची मुदत चालू असेपर्यंत गिऱ्हाइकास घर दाखविणें हा मालकाचा अधिकार नसून राहणारानें त्यास द्यावयाची सवलत आहे. ती मागावी लागते, तिला अटी असतात, आणि तिचें मोल द्यावें लागतें. यावर विरुद्ध पक्षाकडून जे आक्षेप नेहमीं घेतले जातात, त्यांचा आम्ही एकेक करून विचार करूं.

पहिला आक्षेप ‘घर माझें आहे’ हा. हा उच्चारतांना मालकाच्या स्वरांत जी खात्री असते, ती नव्या मुंबईंत तरी कांहींशी विनोदी वाटते. १७ मार्च १९७० रोजीं स्थापन झालेल्या सिडकोनें या शहराची जी जमीन वांटली, ती विकली नाहीं. ती मूळ ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यानें दिली. म्हणजे सिडकोच्या भूखंडावरील सोसायटींत ज्यानें फ्लॅट घेतला, तो ज्या जमिनीवर उभा राहून ‘मी मालक’ म्हणतो, ती जमीन पट्ट्यानें घेतलेली असते. आणि फ्लॅट दुसऱ्याच्या नांवावर करावयाचा तर सिडकोकडे हस्तांतराचें शुल्क भरून सोपस्कार पुरे करावे लागतात. आतां अशी कल्पना करा कीं, सिडकोचा एखादा अधिकारी रविवारीं सकाळीं चार परक्या माणसांसह या गृहस्थांच्या दारीं आला आणि ‘जमीन आमची आहे, आम्हांला आंत येऊन पाहावयाचें आहे’ असें म्हणूं लागला. गृहस्थ काय म्हणतील? ‘पट्ट्याची मुदत संपेपर्यंत हें घर आमचें आहे,’ असेंच म्हणतील, आणि तें बरोबरच असेल. मालकी व राहण्याचा हक्क या दोन निराळ्या वस्तु आहेत, हें त्यांस वरच्या मालकाशीं बोलतांना उत्तम कळतें; खालच्या राहणाराशीं बोलतांना मात्र त्याचें विस्मरण होतें.

दुसरा आक्षेप वकिली आहे. हल्लीं कोणी घर ‘भाड्यानें’ देत नाहीं, ‘लिव्ह अँड लायसन्स’वर देतो, लायसन्स म्हणजे निव्वळ परवानगी, परवानगीनें जागेंत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाहीं, कायदेशीर ताबा मालकाकडेच राहतो, मग त्यानें आपल्याच ताब्यांतील घरांत शिरण्यास विचारावें कोणाला? हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. लायसन्सची व्याख्या १८८२ सालच्या सुविधाधिकार कायद्याच्या ५२ व्या कलमांत आहे, आणि ती खरोखरच अशी आहे. परंतु महाराष्ट्राच्या विधिमंडळानें १९९९ सालीं केलेल्या आणि ३१ मार्च २००० पासून अंमलांत आलेल्या भाडेनियंत्रण कायद्याचें २८ वें कलम हे वकील वाचीत नसावेत. भाड्यानें अथवा लायसन्सनें दिलेल्या जागेची तपासणी करण्याचा हक्क मालकास आहे, मात्र ती वाजवी वेळीं आणि राहणारास आगाऊ सूचना देऊन करावी, असें हें कलम सांगतें. मालकास स्वतःच्या मर्जीनें केव्हांही आंत जातां येत असतें, तर हा हक्क त्यास कायद्यानें देण्याचें प्रयोजनच काय होतें? ज्याला दार उघडेंच आहे, त्याला कोणी आंत येण्याची मुभा देत नसतो.

शिवाय कलमाचे शब्द तोलून पाहावे. हक्क दिला तो मालकास. कार्य सांगितलें तें तपासणीचें. रीत सांगितली ती आगाऊ सूचनेची व वाजवी वेळेची. गिऱ्हाइकाचें, दलालाचें किंवा चित्रण करणाराचें नांव त्यांत कोठें नाहीं. ज्यांचें घर लायसन्सनें नव्हे तर खऱ्या भाडेपट्ट्यानें आहे, त्यांच्यापुरतें १८८२ सालच्याच मालमत्ता हस्तांतरण कायद्याचें १०८ वें कलम याहून स्पष्ट आहे: भाडें देणाऱ्या व अटी पाळणाऱ्या पट्टेदारास मुदतभर विनाव्यत्यय जागा उपभोगूं देण्याची हमी मालकानें दिलेलीच आहे असें तें धरतें, आणि मालकास व त्याच्या माणसांस आंत येऊं द्यावयाचें तें वाजवी वेळीं, जागेची स्थिति पाहण्यासाठीं. भिंतीस तडा गेला आहे काय हें पाहणें निराळें, आणि भिंत विकावयास मांडणें निराळें. कायद्यानें पहिल्यास वाट दिली आहे. दुसऱ्याविषयीं तो मुका आहे. कायदा मुका असला म्हणजे बलवानाच्या बाजूचा असतो, ही समजूत आमच्या समाजांत फार खोल गेली आहे. पण जेथें राहणाराच्या स्वस्थतेचा सामान्य नियम आहे, तेथें त्याला अपवाद काढणारानेंच आधार दाखविला पाहिजे, असें आमचें मत आहे.

तिसरा आक्षेप करारनाम्यावर बोट ठेवतो. छापील मसुद्यांत बहुधा असें एक कलम असतें, कीं मालकानें वाजवी सूचना देऊन स्वतः किंवा अधिकृत प्रतिनिधीमार्फत जागा पाहावी. ‘सही केली आहे ना?’ असा यावर सवाल होतो. सही केली आहे, पण ती कशावर? प्रतिनिधि म्हणजे मालकाच्या वतीनें, मालकाच्या हितासाठीं काम करणारा मनुष्य. गिऱ्हाईक मालकाचा प्रतिनिधि कसा होतो? तो तर मालकाशीं घासाघीस करणारा प्रतिपक्ष आहे; घरांत दोष दिसला तर दोन लाख कमी करावे, या बुद्धीनें तो भिंतीकडे पाहत असतो. अशा माणसास ‘प्रतिनिधि’ या शब्दाच्या पोटांत कोंबणें म्हणजे शब्दांचा व राहणाराचा एकाच वेळीं अपमान करणें होय.

चौथा आक्षेप इतिहासाचा आहे, आणि त्यांत तथ्य असल्यामुळें त्यास आदरानें उत्तर दिलें पाहिजे. भाडेकरूंनीं मालकांस किती छळलें, हें मुंबईस सांगावयास नको. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस १९१८ सालीं मुंबईंत भाड्यांवर निर्बंध आले. १९४७ सालचा कायदा १३ फेब्रुवारी १९४८ पासून अंमलांत आला. १९७३ सालच्या दुरुस्तीनें त्या वर्षाच्या १ फेब्रुवारीस चालू लायसन्सवर राहत असलेल्यांस संरक्षित भाडेकरू ठरविलें. भाडीं गोठलीं, पागडी बोकाळली, मालक आपल्याच इमारतीच्या दुरुस्तीस महाग झाले, आणि घर रिकामें ठेवूं पण भाड्यानें देणार नाहीं, अशी धास्ती मध्यमवर्गानें घेतली. अकरा महिन्यांच्या कराराचा हट्ट त्या धास्तींतून बळावला. हें सर्व खरें. परंतु तें आज लायसन्सनें घर देणाऱ्या मालकास लागू नाहीं. १९९९ च्या कायद्याच्या २४ व्या कलमान्वयें मुदत संपतांच लायसन्सदारानें घर सोडलें पाहिजे. न सोडील तर मालकानें सक्षम प्राधिकाऱ्याकडे जावें, आणि त्या काळापुरती दुप्पट रक्कम नुकसानभरपाई म्हणून मागावी. हें शस्त्र हातीं असतां मालकानें अजून १९७३ च्या भयाचें सोंग आणावें, हें बरें नव्हे. बापाच्या भाडेकरूनें केलेल्या अन्यायाचा सूड मुलाच्या भाडेकरूवर उगविण्यांत न्याय नाहीं.

पांचवा आक्षेप सर्वांत उथळ, म्हणून सर्वांत लोकप्रिय आहे: ‘पांच मिनिटांत भाडेकरूचें काय जातें?’ एक गिऱ्हाईक पांच मिनिटांत जाईलही. पण घर एका गिऱ्हाइकांत विकलें जात नाहीं. महिनोन् महिने दर सुटीच्या दिवशीं कोण केव्हां येईल हें न कळणें, पसारा आवरून तयार बसणें, दहावीच्या मुलीनें पुस्तक मिटून उठणें, आजाऱ्यानें अंथरुणांत सावरून बसणें, याची बेरीज मिनिटांत होत नाहीं. आणि या नाटकांत भाडेकरूस मुकी भूमिका असते, असेंही नाहीं. ज्या भिंतीच्या ओलीबद्दल दोन पावसाळे तक्रार करूनही मालकानें गवंडी धाडला नाहीं, त्याच भिंतीस गिऱ्हाईक येण्याच्या आदल्या दिवशीं रंग लागतो, आणि ‘ओलीचं तेवढं बोलूं नका’ अशी गोड विनंति होते. म्हणजे राहणारानें आपली सुटी द्यावी, आपलें घर उघडें करावें आणि वर आपली साक्षही खोटी करावी!

मग सुशिक्षित भाडेकरू हें सर्व कां सोसतो? याचें कारण त्याचा स्वभाव नसून त्याची अनामत रक्कम आहे. कित्येक महिन्यांच्या भाड्याइतकी ती रक्कम मालकाच्या हातीं असते; आज दार लावून घेतलें तर उद्यां रंगाचा, नळाचा, फरशीचा हिशेब काढून ती कापली जाईल, हें त्यास दिसत असतें. यावर कडी म्हणजे सुविधाधिकार कायद्याचें ५९ वें कलम. लायसन्स देणारानें मिळकत विकली, तर घेणारावर तें लायसन्स आपोआप बंधनकारक होत नाहीं, असें तें सांगतें. याचा अर्थ वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावा. जो भाडेकरू हंसतमुखानें गिऱ्हाइकास आंत घेतो, पाणी विचारतो, खिडकींतून वारा कसा येतो हें दाखवितो, तो स्वतःच्याच घर सुटण्याच्या कामास विनामूल्य हातभार लावीत असतो. त्याच कायद्याचें ६४ वें कलम मोबदला देऊन घेतलेलें लायसन्स राहणाराच्या दोषावांचून मध्येंच तुटल्यास देणाराकडून भरपाई मागूं देतें, हें खरें. पण हा दिलासा ज्यांस ठाऊक आहे असे भाडेकरू किती, आणि त्यासाठीं दिवाणी कोर्टाची पायरी चढण्याची फुरसत कितीकांस आहे?

फौजदारी कायद्याकडे धांव घ्यावी, असें कोणी सुचवितात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२९ व्या कलमांत गृह-अतिक्रमणाचा अपराध आहे, आणि तो मिळकत ज्याच्या ‘ताब्यांत’ आहे त्याच्या विरुद्ध घडतो, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. परंतु त्यांत अपराध करण्याचा किंवा धाक घालण्याचा, अपमान करण्याचा वा त्रास देण्याचा हेतु सिद्ध करावा लागतो. रोजच्या शेजारधर्मांतील प्रश्न पोलीस चौकींत सुटत नसतात. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं खासगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क आहे असें ठरविलें. तो निर्णय मुख्यतः सरकारच्या हातास आवर घालणारा आहे. तरी ज्या देशांत सरकारनेंही कारणावांचून घरांत डोकावूं नये असें ठरलें, तेथें दलालानें खुशाल डोकवावें, हें कोणत्या न्यायांत बसतें?

हा प्रश्न इतरांसही पडला, आणि त्यांनीं तो सोडविला. कॅनडांतील ऑन्टारिओ प्रांताचा २००६ सालचा कायदा गिऱ्हाइकास घर दाखविण्याचें कार्य नांव घेऊन सांगतो, आणि त्यासाठीं २४ तास आधीं लेखी सूचना व सकाळीं आठ ते रात्रीं आठ ही वेळ बांधून देतो. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांतही घर घेऊं इच्छिणारास तें दाखविण्यासाठीं पूर्वसूचना व कामकाजाच्या वेळा यांचें बंधन आहे. तेथें मालकांनीं घरें विकणें सोडलें, असें कोणी ऐकलें आहे काय? आपल्याकडे केंद्रीय मंत्रिमंडळानें २ जून २०२१ रोजीं संमत केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या १७ व्या कलमांत २४ तासांची सूचना, दिवस, वेळ व कारण यांचा उल्लेख, आणि सूर्योदयापूर्वीं व सूर्यास्तानंतर प्रवेश नाहीं, असे नियम आहेत. दुरुस्ती व तपासणी यांखेरीज दुसऱ्या कारणासाठीं यावयाचें तर तें कारण वाजवी असावें व करारांत लिहिलेलें असावें, असेंही तो म्हणतो. मात्र तो नमुना आहे. राज्यानें स्वीकारल्यावांचून त्यास कायद्याचें बळ नाहीं. महाराष्ट्राच्या विधिमंडळास सगळा नमुना पसंत नसेल तर नसो. आमच्या २८ व्या कलमांत गिऱ्हाइकाविषयीं दोन वाक्यें घालण्यास कोणाची आडकाठी आहे?

तीं वाक्यें येईतों वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं. त्याच १९९९ च्या कायद्याचें ५५ वें कलम करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे असें सांगतें, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकतें. म्हणजे कागद व्हावयाचाच आहे; त्यांत काय लिहावें, एवढेंच आपल्या हातीं आहे. घर दाखवावयाचें तर २४ तास आधीं लेखी कळवावें, मोबाईलवरील संदेशही चालेल. आठवड्यांतून दोन ठराविक वेळा दिवसाउजेडीं असाव्या. सोबत मालक स्वतः किंवा करारांत नांव लिहिलेला एकच मनुष्य असावा. राहणाराच्या गैरहजेरींत दार उघडूं नये. दुसरी किल्ली पाकिटांत मोहोरबंद राहावी आणि आग लागली किंवा नळ फुटला तरच तें फोडावें. राहणाराच्या संमतीवांचून चित्रण होऊं नये. घर दाखविणें चालू असेल त्या महिन्यांचें भाडें ठरलेल्या प्रमाणांत कमी व्हावें. मुदतीच्या आंत घर विकलें गेल्यास उरलेली मुदत घेणाराकडून लेखी मान्य करून घ्यावी; तें न जमल्यास मालकानें दोन महिने अवधि व सामान हलविण्याचा खर्च द्यावा. आणि अनामत रक्कम किल्ली परत करतेवेळींच, हातोहात, परत मिळावी. यांतील एकही अट विक्रीच्या आड येत नाहीं.

भाडेकरूनेंही आपला शब्द पाळला पाहिजे. ठरलेल्या वेळीं घर दाखवूं द्यावें. गिऱ्हाइकास खोट्या गोष्टी सांगून पिटाळूं नये. आणि मुदत संपल्यावर घर सोडण्यासाठीं पैसे मागणें हा तर उघड दरोडा आहे. आमची मागणी त्याच्या मुदतीपुरती आहे, मुदतीबाहेर एका दिवसाचीही नाहीं.

हें सर्व लिहावयाचें तें विशेषतः आमच्याच वर्गासाठीं. ज्यानें नेरूळचा फ्लॅट भाड्यानें दिला आहे, तोच नोकरीपायीं पुण्यास किंवा बंगळुरास भाड्यानें राहत असतो. त्याची मुलगी परगांवीं दोन मैत्रिणींसह खोली घेऊन राहत असते. तिच्या खोलीचें कुलूप मालकानें न विचारतां उघडावें काय, असें त्यास विचारा. उत्तर देण्यास त्याला क्षणाचाही विलंब लागणार नाहीं. तेंच उत्तर त्यानें आपल्या नेरूळच्या करारनाम्यांत, पुढच्या नोंदणीच्या वेळीं, लिहून द्यावें.